चार वेळा फडकणारा झेंडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे घरी आले की मी त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो. सरकारी ध्वजवंदन वर्षातून किती वेळा होतं? पाहुणे बोटं मोजतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. झालं, तीन वेळा. मग मी सांगतो, आमच्या धाराशिवला चार वेळा. चौथा दिवस १७ सप्टेंबरचा, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा. पाहुणे मान डोलावतात, चहा पितात आणि विषय बदलतो. पण हा चौथा दिवस समजून घेतल्याशिवाय आमच्या भागातल्या माणसाचं झेंड्याशी असलेलं नातं कळत नाही. ते थोडं प्रेमाचं आहे, थोडं धाकाचं आहे आणि थोडं न बोललेल्या दुःखाचंही आहे.

घटना समितीनं २२ जुलै १९४७ रोजी आजचा तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. तीन आठवड्यांनी देश स्वतंत्र झाला. पण आमचा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि निजामानं स्वतंत्र राहायचं ठरवलं होतं. संस्थानाचा झेंडा पिवळा होता, असफजाही घराण्याचा. स्टेट काँग्रेसनं ७ ऑगस्टला ‘भारतात सामील व्हा’ हा दिवस पाळला आणि गावोगाव तिरंगा लावायचं आवाहन केलं. स्वामी रामानंद तीर्थांनी १५ ऑगस्टला खुद्द हैदराबाद शहरात तिरंगा फडकावला आणि त्यांना अटक झाली. हे स्वामीजी आमच्या जिल्ह्याला परके नव्हते. अंबाजोगाईला जाण्यापूर्वी त्यांनी लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत अनेक वर्षं मुलांना शिकवलं होतं.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. बार्शी आणि सोलापूर मुंबई प्रांतात, म्हणजे स्वतंत्र भारतात. येडशी, तुळजापूर, नळदुर्ग निजामाच्या राज्यात. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसलेला माणूस बार्शीला स्वतंत्र देशाचा नागरिक असे आणि येडशीला उतरला की निजामाची रयत. बार्शीत जे कापड अभिमानानं काठीला लावायचं, तेच इथं पिशवीत सापडलं तर तुरुंग. सोलापूरकरांना हे नवं नव्हतं. त्यांनी १९३० मध्ये इंग्रजांचा मार्शल लॉ सोसला होता आणि त्यात राष्ट्रीय झेंडा घेऊन फिरणं हाही गुन्हा होता. सतरा वर्षांनी तीच पाळी सीमेपलीकडच्या आमच्या गावांवर आली होती.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यातलं. माझ्या आजोबांनी असाच एक झेंडा सोलापूरहून आणला होता. आजी सांगायची, धोतराच्या घडीत गुंडाळून आणला आणि ज्वारीच्या कणगीत तळाशी ठेवला. वर्षभर तो तिथंच होता. रझाकारांची धाड आली की धान्य जाईल याची भीती असायचीच. पण आमच्या घरी त्याहून मोठी भीती होती. कणगी उपसली तर झेंडा निघेल! आजी रोज त्याच कणगीतून दळणाला ज्वारी काढायची. “वरची ज्वारी खाली जाऊ द्यायची न्हाई, एवढंच ध्यान ठेवायचे,” असं ती म्हणायची. मला वाटतं, आमच्या घरातली ध्वजसंहिता एवढीच होती.

पुढं १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरलं. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे या आघाडीची सूत्रं होती. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला, नळदुर्ग पडलं. त्याच दिवशी तुळजापूरलाही चकमक झाली आणि रणगाड्यांची रांग जळकोटवरून दुपारपर्यंत उमरग्याला पोचली. आज हैदराबाद रस्त्यानं बसमधून जाताना आपण ज्या गावांना चहाला थांबतो, तीच ही गावं. पाच दिवसांत सगळं आटोपलं. निजामानं १७ सप्टेंबरला रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी कणगी रिकामी केली आणि झेंडा चावडीसमोरच्या लिंबाला बांधला. खांब नव्हता, दोरी बैलाच्या दाव्याची होती. पण गावानं त्या दिवशी गुळाचा खडा तोंडात टाकला.

गोष्ट इथं संपली असती तर सोपं झालं असतं. मी लहानपणी ती इथंच संपवायचो. आजी मात्र शेवटी एक वाक्य पुटपुटायची. “झेंडा लावला त्या दिशी शेजारचं दार बंद हुतं, लेकरा.” शेजारी बांगड्या भरणाऱ्या मुसलमानाचं घर होतं. आजीच्या लग्नातला चुडा त्यांनीच भरलेला. ते कुटुंब रात्रीतून गाव सोडून गेलं, ते परत आलंच नाही. ते रझाकार नव्हते. रझाकारांची त्यांनाही भीती वाटायची. पण रझाकारांचा हिशेब त्या दिवसांत अनेक निरपराध माणसांकडून चुकता करून घेतला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं पुढं या भागात फिरून अहवाल दिला. सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून त्यात जे चार जिल्हे सांगितले आहेत, त्यांत उस्मानाबादचं नाव आहे. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नव्हता. मी तो वाचला तेव्हा मला आजीचं ते वाक्य पहिल्यांदा समजलं.

हे सांगितल्यानं मुक्तिसंग्रामाची किंमत कमी होते, असं मला वाटत नाही. ज्यांनी झेंड्यासाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, जीव दिले, त्यांचं मोल तेवढंच राहतं. पण झेंडा सगळ्यांचा असतो, असं आपण म्हणतो. मग तो पहिल्यांदा लागला तेव्हा कोणाचं दार बंद होतं, हेही गावाला माहीत असायला नको का?

पुढं मी शिक्षक झालो आणि झेंड्याची दुसरी बाजू पाहिली. ती धाकाची. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका २६ जानेवारीला, पाहुण्यांनी दोरी ओढली आणि झेंडा उलटा फडकला. हिरवा वर, केशरी खाली. क्षणभर कोणालाच काही सुचेना. मुलं राष्ट्रगीत म्हणत राहिली. झेंडा तपासायची जबाबदारी माझी होती. पण बोलणी बसली ती बांधणाऱ्या शिपाई मामांना. अपमान, चौकशी, निलंबन असे शब्द त्यांच्यावर दिवसभर पडत होते. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, “मामा, चूक माझी आहे.” ते म्हणाले, “गुरुजी, चूक दोघांची. पण भीती एकट्या माझ्या वाट्याला आली.”

त्यानंतर मामांनीच मला झेंडा बांधायला शिकवलं. दोरीला जिथं लाकडी खुंटी असते, ती बाजू वर आणि तिथंच केशरी पट्टा. घडी सैल, दोरी आवळून गुंडाळायची नाही, शेवटी सरकगाठ. पाकळ्या मूठभरच घालायच्या, नाहीतर गाठ अडते. ओढणाऱ्याच्या हाताला एकच हिसका पुरला पाहिजे. चढवताना झेंडा झपकन वर गेला पाहिजे आणि उतरवताना सावकाश, मानानं खाली आला पाहिजे. पुढं मी ध्वजसंहिता वाचली, तेव्हा त्यात हेच लिहिलेलं आढळलं. मामांनी ती कधी वाचली नव्हती. वर्षानुवर्षं पहाटे उठून ते झेंडा बांधत आले होते. दोरी ओढायला मात्र त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

हा धाक कुठून आला? एकेकाळी सामान्य माणसाला आपल्या घरावर रोज राष्ट्रध्वज लावता येत नव्हता. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन, गांधी जयंती अशा ठरावीक दिवसांपुरतीच मोकळीक होती. एरवी झेंडा सरकारी इमारतींवर. अवमान झाला तर १९७१ च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद. लोकांनी यातून एवढाच अर्थ काढला की झेंड्यापासून लांब राहिलेलं बरं. ज्या माणसांनी तो कणगीत लपवून जपला होता, त्यांच्याच नातवंडांना तो कचेरीचा वाटू लागला.

हे बदललं ते उद्योजक नवीन जिंदल यांच्या खटल्यामुळं. आपल्या कारखान्यावर रोज झेंडा लावायला त्यांना मनाई झाली आणि ते न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल १९९५ मध्ये त्यांच्या बाजूनं लागला. केंद्र सरकारनं नवी ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू केली आणि नागरिकांना वर्षभर झेंडा लावायची मुभा मिळाली. सर्वोच्च न्यायालयानं २३ जानेवारी २००४ रोजी स्पष्ट केलं की सन्मानानं राष्ट्रध्वज फडकावणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. मात्र हा हक्क अनिर्बंध नाही. संहितेतल्या बऱ्याचशा गोष्टी साध्या आहेत. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. फाटका, मळका झेंडा लावायचा नाही. त्यावर काही लिहायचं नाही. तो जमिनीला टेकू द्यायचा नाही. कामातून गेला तर एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून विसर्जित करायचा.

झेंड्याचं कापडही बदललं. पूर्वी राष्ट्रध्वज हातानं कातलेल्या आणि विणलेल्या खादीचाच असे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे झेंडे दूरवर जातात आणि त्यांच्या कापडाचं विणकाम उदगीरला होतं. हे उदगीर १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. म्हणजे ज्या भागात तिरंगा बाळगणं गुन्हा होता, त्याच भागात पुढं तिरंग्याचं कापड विणलं गेलं. याहून मोठा जाहीरनामा कोणता? डिसेंबर २०२१ मध्ये संहिता बदलून यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. जुलै २०२२ मध्ये घरावरचा झेंडा रात्रीही ठेवायची मुभा झाली. लगेच ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहीम आली. झेंडे स्वस्त झाले, घरोघर पोचले. खादी विणणाऱ्या हातांची काळजी मात्र वाढली.

त्या वर्षी आमच्या गल्लीत प्रत्येक घरावर तिरंगा होता. मला मनापासून आनंद झाला. आजोबांची आठवण आली. पण ऑगस्ट सरला, पोळा झाला, गणपती बसले, तरी काही झेंडे तिथंच होते. पावसानं भिजलेले, वाऱ्यानं फाटलेले. एक तर केबलच्या तारेत अडकून लोंबत होता. लोकांच्या मनात अनादर नव्हता. लावायला सगळ्यांनी सांगितलं होतं, उतरवायचा कसा ते कोणी सांगितलं नव्हतं. मी शेजारच्या चार मुलांना घेऊन निघालो. घरोघर विचारून झेंडे उतरवले, धुण्यासारखे धुतले, घड्या घालून परत दिले. जे अगदीच गेले होते, ते गावाबाहेर नेऊन आम्ही गुपचूप अग्नीला दिले. एका मुलानं विचारलं, “आजोबा, झेंडा जाळला तर पोलीस पकडतात ना?” मी त्याला सांगितलं, “चौकात रागानं जाळला तर पकडतात. म्हाताऱ्या माणसाला निरोप देतात तसा दिला, तर तो मान असतो.”

जिल्ह्याचं नाव आता बदललं आहे. निजाम मीर उस्मान अलींच्या नावावरून पडलेलं उस्मानाबाद जाऊन २०२३ मध्ये जुनं धाराशिव अधिकृतपणे परत आलं. पाट्या बदलायला फार दिवस लागत नाहीत, मनं बदलायला लागतात. आणि झेंड्याच्या बाबतीत मला मनाचीच चिंता अधिक वाटते. आमच्या आजोबांच्या पिढीला तो लपवावा लागला. माझ्या पिढीनं त्याला भिऊन दूर ठेवलं. आताच्या पिढीला तो सहज मिळाला आहे. सहज मिळालेली वस्तू जपण्याची सवय लावावी लागते. ती धाकानं लागत नाही. कोणीतरी हातात दोरी देऊन ती गाठ शिकवावी लागते.

म्हणून माझी एक छोटीशी विनंती आहे. येत्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदनाला जाल, तेव्हा मुलांना हुतात्म्यांची गोष्ट सांगा. बंद राहिलेल्या दारांचीही सांगा. आणि पहाटे उठून ज्यांनी झेंडा बांधला, त्या मामांना किंवा मावशींना एकदा तरी दोरी ओढायला पुढं बोलवा. आमच्या शाळेतले मामा निवृत्त झाले त्या वर्षी १५ ऑगस्टला आम्ही तसं केलं होतं. त्यांनी एकच हिसका दिला. गाठ त्यांचीच होती. झेंडा लगेच मोकळा झाला.