मर्सेन यांची यादी आणि एक ३९ अंकी मूळसंख्या

२ च्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी संख्या कधी मूळ असते? घातांक मूळ असणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. उदाहरणार्थ, घातांक ११ घेतल्यास २०४७ मिळते आणि २०४७ = २३ × ८९. फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये असे घातांक जाहीर केले: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. सिद्धता मात्र दिली नाही. ऑयलर यांनी १७७२ मध्ये घातांक ३१ ची संख्या, म्हणजे २१४७४८३६४७, मूळ असल्याचे सिद्ध केले.

घातांक १२७ ची संख्या ३९ अंकी आहे: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. तिचा कोणताही मूळ विभाजक २५४क + १ या रूपाचा असतो आणि त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते. इतकी चाळणी लावूनही वर्गमुळापर्यंतचे विभाजक सेकंदाला एक या वेगाने तपासले, तर सुमारे ८० कोटी वर्षे लागतील.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी भागाकाराचा मार्गच सोडला. त्यांच्या कसोटीचे आजचे रूप डी. एच. लेहमर यांनी १९३० मध्ये मांडले. ते असे: घातांक विषम मूळसंख्या असावा. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा, दिलेल्या संख्येने भागून बाकी ठेवा आणि ही कृती घातांकापेक्षा दोनने कमी वेळा करा. शेवटी बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. घातांक ५ (संख्या ३१) घेतल्यास ४, १४, ८, ० असा क्रम मिळतो. १२७ साठी फक्त १२५ पायऱ्या पुरतात. ल्युका यांची ही संख्या १९५१ पर्यंत ज्ञात मूळसंख्यांमध्ये सर्वांत मोठी होती.

त्याच वर्षी ल्युका यांनी घातांक ६७ ची संख्या मूळ नसल्याचेही दाखवले, पण तिचा एकही अवयव त्यांना माहीत नव्हता. १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी ते दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. पुढे यादीतला २५७ हा घातांकही चुकीचा ठरला. ६१, ८९ आणि १०७ हे तर मर्सेन यांच्याकडून सुटलेच होते.

या इतिहासातून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. संख्या मूळ आहे का, हा एक प्रश्न. ती कशाकशाचा गुणाकार आहे, हा दुसरा. २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी पहिल्या प्रश्नासाठी कोणत्याही संख्येला लागू पडणारी, बहुपदी वेळेत चालणारी निश्चित रीत दिली. दुसऱ्या प्रश्नासाठी नेहमीच्या संगणकावर चालणारी तशी रीत अजून सापडलेली नाही, आणि आरएसए या सांकेतिक लेखनपद्धतीची सुरक्षितता याच अडचणीवर टिकून आहे.

स्वाध्याय: घातांक ७ घेऊन १२७ ही संख्या वरील कसोटीने तपासा.