आगीतून वाचलेल्या प्रती

6 डिसेंबर 1928 रोजी बर्लिनमध्ये उफा कंपनीच्या प्रयोगशाळेला आग लागली आणि ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ या मूकपटाची मूळ निगेटिव्ह तिच्यात जळून गेली. पहिल्या खेळाला तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. तरीही दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायरने स्वतः जुळवलेला चित्रपट आज आपल्याला पाहता येतो. तो कोणत्या प्रतीतून आला आणि ती प्रत अस्सल कशावरून, हे नीट मांडले पाहिजे. मुळात हा चित्रपटच एका जुन्या दस्तऐवजाच्या प्रतीवर उभा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

1431 मध्ये फ्रान्समधल्या रूआं शहरी, इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या जोन ऑफ आर्कवर धर्मन्यायालयात खटला चालला. बिशप पिएर कोशों मुख्य न्यायाधीश होता. 21 फेब्रुवारीपासून तिची उघड उलटतपासणी सुरू झाली आणि 30 मे रोजी तिला जिवंत जाळण्यात आले. गियोम मांशों आणि त्याचे सहकारी लेखनिक तिची उत्तरे फ्रेंचमध्ये टिपून घेत. पुढे तोमा द कुर्सेल या धर्मपंडिताने मांशोंच्या मदतीने त्याचे लॅटिन भाषांतर केले. या अधिकृत लॅटिन कागदाच्या पाच प्रती तयार झाल्या. त्यांतल्या तीन आज शिल्लक आहेत.

हा कागद जोनला दोषी ठरवणाऱ्यांनी तयार करवला, हे विसरून चालणार नाही. जोनच्या मृत्यूनंतर खटल्याची फेरतपासणी झाली आणि 1456 मध्ये जुना निकाल रद्द ठरला. त्या तपासणीत खुद्द मांशोंनेच साक्ष दिली की, नोंदी वेगळ्या लिहाव्यात म्हणून आपल्यावर दबाव आला होता. तरीही त्या नोंदींत एकोणीस वर्षांच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलीची हजरजबाबी बुद्धी स्पष्ट दिसते. तुझ्यावर ईश्वराची कृपा आहे का, असे तिला विचारले गेले. हो म्हटले तर उद्धटपणा, नाही म्हटले तर गुन्ह्याची कबुली. नसेल तर ईश्वर ती मला देवो आणि असेल तर ती टिकवो, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. विरोधकांच्या कागदातून आलेली ही साक्ष आहे, म्हणूनच तिचे वजन जास्त.

1920 मध्ये पोपने जोनला संतपद दिले. त्याच सुमारास इतिहासकार पिएर शांपियों याने खटल्याच्या कागदपत्रांची संपादित आवृत्ती काढली. पॅरिसच्या सोसिएते जेनेराल दे फिल्म या संस्थेने डेन्मार्कच्या ड्रायरला बोलावले, तेव्हा जोसेफ देल्तेय या लेखकाच्या जोनवरील पुस्तकाचे हक्क घेतलेले होते. ड्रायरने ते जवळपास बाजूला ठेवले आणि मूळ नोंदींकडे वळला. शांपियों त्याचा इतिहास-सल्लागार झाला. महिनोन्‌महिने चाललेली चौकशी ड्रायरने एकाच दिवसात बसवली. म्हणजे काळ त्याने आवळला, पण प्रश्नोत्तरांचा गाभा कागदातूनच घेतला. चित्रपटाच्या सुरुवातीला एक हात खटल्याच्या हस्तलिखिताची पाने उलटताना दिसतो. उरलेल्या तीन प्रतींपैकी एक पॅरिसमध्ये फ्रेंच संसदेच्या ग्रंथालयात आहे. आपला आधार काय, हे ड्रायर पहिल्याच दृश्यात सांगून टाकतो.

1927 मध्ये चित्रीकरण झाले. डॅनिश दिग्दर्शक, पोलंडमधल्या क्राकोवचा छायाचित्रकार रुडॉल्फ माते, नेपथ्याला ‘कॅलिगारी’ या मूकपटावर काम केलेला जर्मन हेरमान वार्म आणि जोनच्या भूमिकेत फ्रेंच रंगभूमीवरची रेने फाल्कोनेती. कुणाच्याही चेहऱ्याला रंग लावायचा नाही, असे ठरले होते. त्वचेच्या छटा नीट टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म वापरल्यामुळे प्रत्येक सुरकुती आणि प्रत्येक अश्रू पडद्यावर आला.

21 एप्रिल 1928 रोजी कोपनहेगनच्या पॅलड्स थिएटरमध्ये पहिला खेळ झाला. पॅरिसमध्ये मात्र चित्रपट ऑक्टोबरात पोहोचला, आणि तोही चर्च व सेन्सॉर यांच्या आग्रहाने काटछाट होऊन. या दोन तारखांमधले अंतर पुढच्या शोधात कळीचे ठरले.

बर्लिनच्या आगीनंतर ड्रायरने उरलेल्या टेकमधून दुसरी निगेटिव्ह जुळवली. एकेक दृश्य त्याने अनेकदा चित्रित केले होते, म्हणूनच हे शक्य झाले. चौकटी जवळपास त्याच, पण मान वळण्याचा क्षण वेगळा, डोळे भरून येण्याची गती वेगळी. ही दुसरी निगेटिव्हही 1929 मध्ये जळाली, असे पुढे मानले गेले. ते खरे नव्हते. 1951 मध्ये लो दुका या अभ्यासकाला ती गोमाँ कंपनीच्या भांडारात मिळाली. त्याने बरोक संगीत जोडले, संवादपाट्यांची मांडणी बदलली आणि चित्रपट नव्याने प्रदर्शित केला. ड्रायरला ही आवृत्ती मुळीच पटली नाही. 1968 मध्ये तो वारला, तोवर त्याची पहिली जुळणी हरवलेलीच होती.

1981 मध्ये नॉर्वेत ऑस्लोजवळच्या डिकेमार्क मनोरुग्णालयात एका अडगळीच्या कपाटात फिल्मचे डबे सापडले. ते नॉर्वेच्या चित्रपट संस्थेकडे गेले, पण बारकाईने तपासायला आणखी तीन वर्षे गेली. तपासणीत पाट्या डॅनिश भाषेत निघाल्या. डॅनिश पाट्यांची प्रत कोपनहेगनच्या प्रदर्शनाशी नाते सांगते, आणि ते प्रदर्शन पॅरिसच्या काटछाटीच्या व बर्लिनच्या आगीच्या आधीचे. फ्रान्समध्ये कापलेला भाग इथे जागेवर होता. दुसऱ्या निगेटिव्हशी ताडून पाहता टेकही वेगळे. हे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवत होते: ही ड्रायरची पहिली जुळणी. तिच्याच आधारे 1985 मध्ये पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेझने चित्रपट पुन्हा उभा केला.

एक प्रश्न मात्र कागदांनी सोडवलेला नाही. हा मूकपट सेकंदाला किती चौकटींच्या वेगाने दाखवावा, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. वीस चौकटींनी तो सुमारे 97 मिनिटे चालतो, चोवीस चौकटींनी 80 मिनिटांच्या आसपास. अलीकडे दोन्ही वेग उपलब्ध करून दिले गेले. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पुरावा जिथे थांबतो तिथे संपादकाने आपली आवड मूळ म्हणून खपवू नये.

दोन्ही कथांत मूळ गेले आणि प्रत राहिली. रूआंच्या लेखनिकांनी एकच लॅटिन प्रत केली असती, किंवा 1928 ची सगळी रिळे एकाच गोदामात ठेवली असती, तर जोनचे शब्द आणि फाल्कोनेतीचा चेहरा हे दोन्ही एखाद्या दुर्घटनेच्या हवाली झाले असते. म्हणून जुने चित्रपट आणि जुने कागद जपणाऱ्यांकडे माझी एक आग्रहाची मागणी आहे. प्रती करा, त्या दूरदूर ठेवा, आणि कोणती प्रत कुठून आली हे प्रत्येक डब्यावर लिहून ठेवा. प्रतीचे मोल तिच्या वंशावळीने ठरते, आणि ती वंशावळ नोंदवायची खरी वेळ प्रत हातात असतानाच असते.