नाकातील पॉलिपवर स्टेरॉइड : फवारा, थेंब की गोळ्या?

महिनोनमहिने नाक चोंदलेले, फोडणीचा वास येत नाही, जेवण बेचव लागते. अशा तक्रारींमागे अनेकदा नाकातील पॉलिप असतात. बोलीभाषेत याला ‘नाकात मांस वाढणे’ म्हणतात. नाक आणि सायनसच्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहिली की ते सोललेल्या द्राक्षासारखे मऊ, फिकट होऊन लोंबू लागते. ते दुखत नाही आणि तो कर्करोगही नव्हे. ‘नाकाचे हाड वाढले’ ही तक्रार वेगळी. तिथे बहुधा नाकाचा मधला पडदा वाकडा असतो आणि तो स्टेरॉइडने सरळ होत नाही.

पॉलिप हा मुळात सुजेचा आजार, म्हणून सूज उतरवणारे स्टेरॉइड हा पहिला उपचार. व्यायामशाळेत स्नायू फुगवायला घेतात ती स्टेरॉइड निराळी, त्यांचा इथे संबंध नाही.

रोजचा फवारा

मोमेटासोन, फ्लुटिकासोन आणि ब्युडेसोनाइड ही फवाऱ्यातली नेहमीची औषधे. औषध थेट सुजेवर पडते. मोमेटासोन आणि फ्लुटिकासोनचा तर जेमतेम २ टक्के किंवा त्याहूनही कमी भाग रक्तात पोहोचतो. त्यामुळे ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून फवाऱ्याला घाबरण्याचे कारण नाही. नाक कोरडे पडणे किंवा थोडे रक्त येणे हे त्याचे नेहमीचे त्रास.

अडचण असते ती धीराची. फवाऱ्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत नाक मोकळे झाले नाही म्हणून बरेच जण तो बंद करतात आणि झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांकडे वळतात. हे थेंब पाच मिनिटांत नाक उघडतात खरे, पण ते स्टेरॉइड नव्हेत. आठवडाभराहून जास्त वापरले तर नाक उलट अधिकच चोंदते आणि मग थेंबांशिवाय झोप लागत नाही.

फवारा मारण्याची पद्धतही महत्त्वाची. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवावे (पाणी उकळून गार केलेले हवे). मग मान किंचित पुढे झुकवून, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे न वळवता कानाच्या दिशेने ठेवून फवारावे. जोराने ओढून घेतले की औषध घशात जाते.

फवारा पुरेसा आत पोहोचत नसेल, तर डोके खाली झुकवून घालायचे स्टेरॉइड थेंब किंवा मिठाच्या पाण्यात ब्युडेसोनाइड मिसळून नाक धुणे, हे पर्याय डॉक्टर सुचवतात. शस्त्रक्रियेनंतर सायनसची तोंडे मोकळी झालेली असल्याने अशा धुण्याचा उपयोग अधिक होतो.

गोळ्यांची जादू आणि तिची किंमत

प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्यांचा परिणाम नाट्यमय असतो. कित्येकदा काही दिवसांत पॉलिप आक्रसतात, हरवलेला वास परत येतो. म्हणूनच पुढच्या वेळी जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणण्याचा मोह होतो. पण हा गुण टिकत नाही. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सूज परतते. गोळ्या साऱ्या शरीरात जातात. साखर आणि रक्तदाब वाढतो, झोप उडते, चिडचिड होते; पुन्हा पुन्हा घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू, काचबिंदूचा धोका वाढतो. त्यामुळे १ ते ३ आठवड्यांचा कोर्स, वर्षातून फार तर एक-दोनदा, आणि तोही फवाऱ्याच्या जोडीला, असे तज्ज्ञांचे साधारण धोरण आहे. बरेच दिवस चाललेल्या गोळ्या एकदम थांबवणेही धोक्याचे, कारण शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलनिर्मिती तोवर मंदावलेली असते.

मधुमेहींनी तर जास्तच जपावे. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे जे रुग्ण पाहिले, त्यांच्यातल्या अनेकांच्या बाबतीत अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड हीच जोडी होती.

एवढे करूनही नाक बंदच राहिले, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. तिच्यानंतरही फवारा सुटत नाही, कारण सुजेची प्रवृत्ती शस्त्रक्रियेने जात नाही. दमा किंवा ॲस्पिरिनचे वावडे असणाऱ्यांत पॉलिप पुन्हा येण्याचे प्रमाण जास्त असते. डुपिलुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत २०१९ मध्ये पॉलिपसाठी मान्यता मिळाली. ते स्टेरॉइड नाही, आणि महागडे आहे.

पॉलिप सहसा दोन्ही बाजूंना असतात. एकाच नाकपुडीत गाठ दिसत असेल, तिथून रक्त येत असेल किंवा डोळ्याभोवती सूज असेल, तर कोणताही फवारा सुरू करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी लागते. अशा गाठीचा तुकडा तपासणीला पाठवण्याचीही वेळ येऊ शकते.