मानमोडी ते कोरोना : आजीचा 'वात' ओळखा



जुन्या बायका 'मानमोडी'चं नाव काढायच्या. ती 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ. जूनमध्ये ती मुंबईत आली, पावसाळा सरता सरता भडकली आणि रेल्वेच्या वाटेने आपल्या वऱ्हाडातही पोचली. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्यात 20 ते 40 वयाची कर्ती माणसं फार होती. त्या काळी सरासरी आयुष्यच 25 वर्षांच्या आत होतं, म्हातारपण पाहणारे थोडेच.

2020 मध्ये उलटं झालं. 9 मार्चला पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले, त्याच महिन्यात यवतमाळातही. या साथीने म्हाताऱ्यांना जास्त गाठलं, त्यातही स्मृतिभ्रंश झालेल्यांना. इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च ते जून 2020 या काळात कोरोनाने गेलेल्या दर चौघांपैकी एकाचा मुख्य जुना आजार स्मृतिभ्रंश होता.

असं का? विसरणारी आजी मास्क काढून टाकते. छातीत दुखतं हे तिला सांगता येत नाही. गिळताना ठसका लागून घास श्वासनळीत जातो, त्यातून न्यूमोनिया होतो. आणि मुख्य म्हणजे आजार ओळखूच येत नाही. अमेरिकेत दवाखान्याच्या तातडीच्या विभागात आलेल्या 817 वृद्ध कोरोना रुग्णांची पाहणी झाली. त्यातले 28 टक्के अचानक भ्रमात गेलेले होते, आणि या भ्रमात गेलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जणांना ताप, दम अशी नेहमीची लक्षणं नव्हती.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे : वात. तापात माणूस बरळलं की 'वात झाला' म्हणत. पण आधीच विसरणारी आजी बरळली की आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देतो. तिथेच उपचाराचे दिवस वाया जातात.

फरक लक्षात ठेवा. स्मृतिभ्रंश बहुधा महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. संसर्गाचा वात एक-दोन दिवसांत येतो. काल ओळखणारी आजी आज ओळखत नाही, जेवत नाही, दिवसभर गुंगीत पडून राहते, चालताना पडते, तर ताप नसला तरी त्याच दिवशी आशाताईंना बोलवा किंवा दवाखान्यात न्या. धाप लागली, ओठ निळे पडले तर थेट 108 ला फोन करा. डॉक्टरांना आधी सांगा, 'हा बदल कालपासूनचा आहे.' चष्मा सोबत न्या, ओळखीचं माणूस जवळ ठेवा. घरी भरवताना बसवून, लहान घास द्या. घरात कोणाला सर्दी-खोकला असेल तर त्याने आजीजवळ मास्क लावूनच जावं. फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

2023 च्या एका अभ्यासानुसार देशात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक स्मृतिभ्रंशाने आजारी आहेत. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत त्याचं प्रमाण जास्त. म्हणजे आपल्या प्रत्येक गटात असं एखादं घर असू शकतं. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की विचारा, कोणाच्या घरी विसरणारं माणूस आहे? त्याला सांभाळणारी बहुतेक वेळा सूनच असते, आणि एकटीच. ती दवाखान्यात धावली तर तिच्या घराकडे कोण पाहील, हे आजच ठरवून ठेवा.