वेण्णा तळ्याकाठी दोन दिवस

दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलींचे बेत सुरू होतात आणि महाबळेश्वरचे नाव हमखास निघते. मुलांना विचाराल तर ती सांगतील, वेण्णा तळ्यात नाव, काठावर घोडा आणि हातात भाजलेले कणीस! यात गैर काही नाही. पण गुरुजी, जाण्यापूर्वी या तळ्याची हकीकत वर्गात एक तासभर अवश्य सांगा. बेत आखायलाही ती उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट ही की, हे तळे निसर्गाने दिलेले नाही. १८४२ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे, म्हणजेच आप्पासाहेब महाराज, यांनी वेण्णेचे पाणी अडवून ते बांधवले. साडेचार हजार फूट उंचीवरच्या या नव्या वस्तीला पाण्याची सोय हवी होती. वस्ती तरी कोणाची? १८२४ साली लॉडविक नावाचा इंग्रज सेनाधिकारी हा डोंगर चढून आला. पुढे १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम आले. हवा पाहून, आजारी गोऱ्या शिपायांना व अधिकाऱ्यांना येथे ठेवावे असे त्यांनी ठरवले. १८२९ च्या तहाने त्यांनी प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव दिले. महाराजांनी साताऱ्याहून येथवर रस्ता करून दिला, पेठेला माल्कमसाहेबांचे नावही दिले.

आता पुढे काय घडले ते पाहा. रस्ता देणाऱ्या प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडले. तळे बांधणारे आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले आणि सातारचे राज्य खालसा झाले. पाहुण्याला जागा दिली, पाणी दिले. घर मात्र यजमानाचेच गेले!

आणखी काही माणसे विसरू नका. १८६४ पर्यंत येथे एक तुरुंग होता. त्यात चिनी व मलायी कैदी असत. साहेबांच्या ताटातले बटाटे आणि भाजीपाला त्यांच्या हातून पिकत असे. थंड हवेचे सुख एकाला, आणि माती उपसणे दुसऱ्याला, असा तो काळ होता.

त्या काळी येथे येणे सोपे नव्हते. मुंबईकर बाणकोटच्या खाडीने दासगावपर्यंत यायचे आणि महाड-पोलादपूर करीत घाट चढायचे. रेल्वे झाल्यावर वाठार स्टेशनवर उतरून वाई-पाचगणीमार्गे टांगा करावा लागे. पावसाळा लागला की पाहुणे खाली उतरत आणि बंगल्यांच्या भिंतींना गवताचे झाप बांधले जात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, भिंती काय टिकणार! म्हणून सांगतो, मुलांना घेऊन जायचे तर पावसाळा टाळा. मे महिन्यात गर्दी फार आणि खोल्यांचे भाडे चढे. हिवाळा बरा; मात्र कानटोपी नि कांबळे विसरू नका.

दोन दिवस पुरतात. मुक्काम बाजाराजवळ करा, म्हणजे एस.टी. जवळ पडते आणि तळ्यापर्यंत चालत जाता येते. परवडत नसेल तर पाचगणीत किंवा वाईत राहा. मोठी तुकडी असेल तर जागा, जेवण आणि पिण्याचे पाणी यांची चौकशी पत्राने वा फोनने आधीच करा. पहिल्या दिवशी सकाळी क्षेत्र महाबळेश्वरी जा. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री यांची नावे मुलांकडून म्हणवून घ्या. दुपारी तळे. दुसऱ्या दिवशी उजाडताच प्रतापगड गाठा आणि परतताना लिंगमळ्याचा धबधबा दाखवा, तोही वेण्णेचाच.

तळ्यावर गेलात की नावेत बसण्यापूर्वी मुलांना एवढे सांगा: हे पिण्याचे पाणी आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या घरांत येथले पाणी जाते. पुढे हीच वेण्णा मेढ्याच्या खोऱ्यातून, कण्हेरच्या धरणातून वाहत जाऊन माहुलीला कृष्णेला मिळते. वाटेत कितीतरी शेते तिच्यावर भिजतात. २००१ मध्ये केंद्र सरकारने हा सारा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तरी प्लॅस्टिकची पिशवी कायदा वाचून पाण्यात पडत नाही. ती आपल्याच हातातून सुटते. तेव्हा कचऱ्यासाठी दर दहा मुलांमागे एक गोणपाट बरोबर घ्या आणि भरलेले गोणपाट खाली घेऊन या.

परत आल्यावर निबंध लिहवून घ्याल तेव्हा "मी पाहिलेले तळे" एवढाच विषय देऊ नका. तळे कोणी बांधले, कोणासाठी बांधले आणि आज त्याचे पाणी कोण पिते, हे तीन प्रश्न फळ्यावर लिहा. मुले काय उत्तरे देतात ती ऐका. आपल्या गावच्या पाझर तलावाबद्दलही ती मग विचारू लागतील.