अन्‌बेअरेबल लाइटनेस ऑफ बीइंग, द

चेक कादंबरीकार मिलान कुंदेरा (१९२९–२०२३) ह्याची तत्त्वचिंतनात्मक कादंबरी. कुंदेरा १९७५ मध्ये फ्रान्सला गेला; १९७९ मध्ये त्याचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. त्यामुळे ही कृती प्रथम १९८४ मध्ये फ्रेंच अनुवादरूपाने अवतरली. मूळ चेक संहिता टोराँटो येथील निर्वासितांच्या प्रकाशनसंस्थेने १९८५ मध्ये काढली. मायदेशी ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

कथानकास १९६८ च्या ‘प्राग वसंता’ची पार्श्वभूमी आहे. डुबचेकच्या सुधारणावादी राजवटीत लेखनावरील बंधने सैल झाली असता, टॉमाश हा शल्यविशारद एक लेख लिहितो. ईडिपसाने अजाणता घडलेल्या पापासाठी डोळे फोडून घेतले. मग आपणांस काही ठाऊक नव्हते असे म्हणणारे कम्युनिस्ट नेते निर्दोष कसे, असा त्याचा प्रश्न. ऑगस्टमध्ये सोव्हिएट फौजा देशात शिरतात. टॉमाश पत्नी तेरेझासह झुरिकला जातो. पुढे ती एकटीच प्रागला परतते आणि तिच्यामागोमाग तोही. लेख मागे घेण्यास नकार दिल्यामुळे त्याच्यावर खिडक्या धुण्याची पाळी येते.

निष्ठा ह्या एकाच शब्दाची खाजगी व राजकीय अशी दोन्ही रूपे कुंदेरा तपासतो. टॉमाश परस्त्रीगमन सोडत नाही, तथापि तेरेझासाठी तो देश, पेशा व स्वास्थ्य गमावतो. चित्रकर्ती साबीना हिला विश्वासघातातच मुक्ती दिसते. तिचा जिनीव्हातील प्रियकर फ्रांट्स निष्ठेला सर्वश्रेष्ठ सद्‌गुण मानतो, आणि त्यामुळेच तिला गमावतो. शासनाला तर निष्ठा हवी असते ती स्वाक्षरीच्या रूपात. टॉमाश सही करणार, असे गृहीत धरून रुग्णालयातील सहकारी त्याच्याकडे पाहून स्मित करतात. ज्यांनी स्वतः सही केली, त्यांना त्यात दिलासा असतो आणि ज्यांनी केली नाही, त्यांना श्रेष्ठत्व. दडपशाहीचे इतके मार्मिक चित्रण क्वचितच आढळते. तेरेझाने रणगाड्यांची टिपलेली छायाचित्रेही पुढे पोलिसांना निदर्शक ओळखण्यास उपयोगी पडू शकतात, ही जाणीव असाच चटका लावते.

नीत्शेच्या चिरंतन पुनरावर्तनाच्या कल्पनेने ग्रंथाचा आरंभ होतो. जे एकदाच घडते त्याला वजन नसते. मग हलकेपणा इष्ट की भार? उत्तर लेखक देत नाही. सात भागांच्या ह्या रचनेत नायक-नायिकेच्या मृत्यूची वार्ता मध्यावरच कळते. त्यामुळे शेवटच्या भागातील खेडे, सामुदायिक शेती व कारेनिन ह्या कुत्रीचे मरण ह्यांना विलक्षण करुण छटा येते. स्त्रीपात्रे पुरुषाच्या दृष्टीतून रेखाटल्याचा आक्षेप मात्र निराधार म्हणता येत नाही. फिलिप कॉफमनने १९८८ मध्ये काढलेला चित्रपट कुंदेराला रुचला नाही.

राजबंद्यांच्या सुटकेसाठी मुलाने आणलेल्या अर्जावरही टॉमाश सही करीत नाही. अशा अर्जाने कोणी सुटणार नाही, असे त्याला वाटते. ह्या प्रसंगाला नाटककार व्हाट्‌स्लाफ हाव्हेल ह्याने १९८६ मधील आपल्या संवादग्रंथात उत्तर दिले. तुरुंगवास भोगलेल्या हाव्हेलच्या मते, बाहेर कोणी आपली बाजू घेत आहे हे कळल्याने कैद्यांना बळ येते आणि सह्या करणारेही त्यातूनच पुन्हा ताठ उभे राहू लागतात.