कळंब तालुक्याची पांढरी

धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्याच्या एका अंगाला मांजरा नदी आणि दुसऱ्या अंगाला बालाघाटाचे माळ असून, या दोहोंमधल्या काळ्या रानांत येथील जुनी गावे वसली. जिल्ह्यातील परंडा आणि नळदुर्ग या किल्ल्यांचा इतिहास तट-बुरुजांतून वाचता येतो. कळंबच्या आरंभकाळाचा माग मात्र गावाखालच्या मातीतच घ्यावा लागतो. गावगाड्यात पिकाऊ शिवाराला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. पांढरी ही माणसाने घडवलेली माती आहे. चुलीतली राख, शेण आणि ढासळलेल्या भिंतींचा चिखल पिढ्यान्‌पिढ्या थरांवर थर साचत गेला, म्हणून जुने गाव भोवतालच्या रानाहून उंच दिसते.

या मातीचा उपयोग माळवदासाठी, म्हणजे सपाट धाब्याच्या छपरासाठी, होत आला. तुळया व कड्यांवर काटक्यांचा थर, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती अंथरीत. काळी माती पाण्याने फुगते व उन्हात भेगाळते, पांढरी मात्र चोपून घट्ट बसते. पावसाळ्यापूर्वी छप्पर दुरुस्त करताना जुनी टेकाडे उकरली गेली, आणि वसाहतीचे कित्येक प्राचीन थर अशा रीतीने घरांच्या माथ्यावर चढले, ही हानी मोठीच म्हटली पाहिजे.

अशा टेकाडात काय दडलेले असते, हे शेजारच्या धाराशिव तालुक्यातील तेरने दाखवले आहे. तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले असून, तेथील कापड भडोच बंदराकडे जाई. तेरच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जपल्या आणि त्यांतूनच तेथील संग्रहालय उभे राहिले.

पुढील वस्तीविस्ताराची खूण गावनामांत उरली आहे. मूळ गावापासून फुटून शेताजवळ राहिलेली वस्ती ती ‘वाडी’, जसे खामसवाडी या नावात. एकाच नावाची दोन गावे झाली की फारसीतून आलेले ‘बुद्रुक’ (मोठे) आणि ‘खुर्द’ (लहान) हे शब्द त्यांना जोडले गेले. हैदराबादच्या निजामी राजवटीने 1865 च्या जिल्हाबंदीनंतर, म्हणजे जिल्ह्यांच्या आखणीनंतर, येथील महसुली कारभाराची नवी घडी बसवली. सप्टेंबर 1948 मध्ये ती राजवट संपली, 1956 मध्ये हा मुलूख मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला.

तालुक्याचे सर्वांत जागते ठिकाण मात्र येरमाळ्याचे येडेश्वरी मंदिर होय. तुळजाभवानीची धाकटी बहीण मानल्या जाणाऱ्या या देवीची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून आमराईकडे निघते आणि लाखो भाविक वाटेवरच्या काळ्या रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात. मंदिराच्या बांधकामाला लागणारा चुना गावोगावच्या लोकांनी असाच गोळा केला, अशी परंपरा सांगितली जाते, आणि त्या सामूहिक श्रमाची ही उजळणी काळ्या रानातून पांढरे खडे निवडणाऱ्या हातांनी दरवर्षी होते.